देशाचा गॅस मोजतात कसा? पुरवठा मीटरवर, मागणी अंदाजावर

जळगावच्या एका भाऊंनी विचारलंय की एमए इकॉनॉमिक्सचा प्रोजेक्ट करतोय, विषय देशातल्या नैसर्गिक गॅसची मागणी आणि पुरवठा. सरकारी रिपोर्टमध्ये उत्पादनाचे दोन वेगळे आकडे दिसतात, एकूण वापर आणि सेक्टरवार वापराची बेरीज जुळत नाही, आणि "मागणी" नावाचा कॉलम कुठं सापडतच नाही. मग हे सगळं मोजतं कोण आणि कसं?

भाऊ, प्रश्न एकदम बरोबर जागी आहे. माझी नोकरी आधी मीटरिंगमध्ये गेली आणि नंतर ॲलोकेशन-प्लॅनिंगमध्ये, म्हणजे आधी गॅस मोजायचा आणि मग कुणाला किती गेला ते जुळवायचं, त्यामुळे जरा लांबलचक लिहितो.

सगळ्यात आधी मुद्द्याचं सांगून टाकतो. पुरवठा खरोखर मोजला जातो, मीटर लावून, सही घेऊन. मागणी कुणीच मोजत नाही. आणि "वापर" म्हणून जो आकडा छापून येतो तो बहुतांशी पुरवठ्याचाच आकडा असतो, दुसऱ्या नावानं. हे एकदा डोक्यात बसलं की तुमचे तिन्ही प्रश्न सुटायला लागतात.

आता मोजायचं म्हणजे नेमकं काय मोजायचं ते बघा. गॅस दाबला की आकसतो, तापला की फुगतो, त्यामुळे नुसतं "एक घनमीटर" म्हणून काही अर्थ नाही. म्हणून आपल्याकडे १५ अंश सेल्सिअस आणि एक ॲटमॉस्फिअर दाब, म्हणजे १.०१३२५ बार, अशी ठरलेली अवस्था धरतात आणि त्या अवस्थेतल्या घनमीटरला एससीएम म्हणतात, स्टँडर्ड क्युबिक मीटर. आपल्या खान्देशातलं उदाहरण घ्या, मे महिन्यात भुसावळला ४५ अंश होतं तेव्हा त्या तापलेल्या एक घनमीटरमध्ये १५ अंशाच्या मानानं साडेनऊ टक्के गॅस कमी असतो. कारखान्याच्या मीटरला म्हणूनच ईव्हीसी नावाचा करेक्टर जोडलेला असतो, तो दाब आणि तापमान बघून आकडा सतत दुरुस्त करत राहतो. मोठ्या पाइपलाइनवर ऑरिफिस, टर्बाइन नाहीतर अल्ट्रासॉनिक मीटर असतात, शेजारी फ्लो कॉम्प्युटर, आणि गॅस क्रोमॅटोग्राफ.

क्रोमॅटोग्राफ कशाला? तर गॅसमध्ये मिथेन किती, इथेन किती, कार्बन डायऑक्साइड किती ते बघायला, कारण शेवटी पैसे उष्णतेचे असतात, घनमीटरचे नाही. भाव डॉलर प्रति एमएमबीटीयूमध्ये ठरतो, एक एमएमबीटीयू म्हणजे साधारण २ लाख ५२ हजार किलोकॅलरी. गॅसची उष्णता एससीएमला ९,४०० किलोकॅलरी धरली तर एका एमएमबीटीयूला सुमारे २७ एससीएम लागतात, १०,००० धरली तर २५ च. म्हणजे त्याच उष्णतेला घनमीटरात सहा टक्क्यांचा फरक पडतो आणि राष्ट्रीय आकडेवारी तर मुख्यतः घनमीटरात छापतात, उष्णता किती धरली ते कोपऱ्यात लिहिलेलं असतं किंवा नसतं. प्रोजेक्टमध्ये दोन टेबलं शेजारी ठेवण्याआधी हे एकदा बघाच.

युनिटचा आणखी एक घोळ मिटवून टाकतो. वार्षिक आकडा बीसीएममध्ये असतो, म्हणजे अब्ज घनमीटर, आणि रोजचा एमएमएससीएमडीमध्ये, म्हणजे दिवसाला किती दहा लाख एससीएम. बीसीएमला १००० नी गुणा आणि ३६५ नी भागा. देशाचं उत्पादन अलीकडे वर्षाला ३६ बीसीएमच्या आसपास आहे म्हणजे रोजचे साधारण ९९ एमएमएससीएमडी. लीप वर्ष असेल तर ३६६ नी भागायचं, २०२३-२४ मध्ये फेब्रुवारी २९ चा होता. हे किरकोळ वाटतं पण महिन्याची तुलना करताना २८ दिवसांच्या फेब्रुवारीला ३१ च्या मार्चशेजारी ठेवून "उत्पादन वाढलं" असं लिहिणारे मी बरेच बघितलेत, म्हणून महिन्याची तुलना कायम रोजच्या सरासरीवर करा.

आता उत्पादन. विहिरीतून जे काही वर येतं ते ग्रॉस उत्पादन. मुंबई हाय आणि वसईचं समुद्रातलं क्षेत्र, कृष्णा-गोदावरी खोऱ्यातलं खोल पाणी, आसाम, त्रिपुरा, राजस्थान, आणि थोडा कोळशाच्या थरातला मिथेन. कंपन्या हे आकडे डीजीएचला, म्हणजे हायड्रोकार्बन महासंचालनालयाला देतात. ग्रॉसमधून जो गॅस नाइलाजानं जाळून टाकावा लागतो, म्हणजे फ्लेअर, आणि वाया जातो तो वजा केला की नेट. तुम्हाला दिसलेले दोन आकडे हेच.

पण नेट म्हणजे विकला गेलेला गॅस असं समजू नका. समुद्रातल्या प्लॅटफॉर्मवरचे कॉम्प्रेसर, टर्बाइन त्याच गॅसवर चालतात, हा अंतर्गत वापर नेटमध्येच बसलेला असतो. शिवाय वसईचा गॅस आंबट असतो, म्हणजे त्यात हायड्रोजन सल्फाइड असतो, तो गुजरातमधल्या हजिऱ्याच्या प्लँटमध्ये काढून टाकतात, मग एलपीजी वगैरे जड भाग वेगळा काढतात, आणि या प्रत्येक पायरीला घनमीटर थोडे थोडे कमी होत जातात. त्याला आमच्याकडे श्रिंकेज म्हणतात. कुठल्या पायरीवरचा आकडा घेतला त्यावर उत्तर बदलतं आणि सगळी उत्तरं आपापल्या जागी खरी असतात.

दुसरा अर्धा पुरवठा आयातीचा, एलएनजी. उणे १६२ अंशापर्यंत थंड करून पातळ केलेला गॅस, घनफळ सहाशे पटीनं कमी होतं. आपली तापी जिथं समुद्राला मिळते त्या हजिऱ्याला एक टर्मिनल आहे, त्याच्या वर भरूच जिल्ह्यात दहेजचं, जे देशातलं सगळ्यात मोठं आहे आणि २००४ पासून चालू आहे. दाभोळ, कोची, एन्नोर, मुंद्रा, धामरा ही नंतरची. इथली मोजणी मला स्वतःला फार आवडते कारण ती सगळ्यात काटेकोर असते. जहाज लागलं की टाकीतली पातळी रडारनं मोजतात, जहाज किती कललंय त्याची दुरुस्ती करतात, तापमान घेतात, उतरवताना सतत सँपल घेऊन घनता आणि उष्णता काढतात. उतरवून झालं की परत पातळी मोजतात कारण टाकी पूर्ण रिकामी करत नाहीत, थंड राहावी म्हणून थोडा एलएनजी आत ठेवतात. आणि उतरवताना टाकीत पोकळी होऊ नये म्हणून किनाऱ्यावरून जी वाफ जहाजाला परत देतात तिची उष्णता वजा करतात. हे सगळं विकणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या माणसांसमोर, बहुतेक वेळा तिसरा स्वतंत्र सर्व्हेअर उभा असताना.

एका टनाला साधारण १,३६० एससीएम धरतात. कतारहून दहेजला येणारी जुनी जहाजं १ लाख ३८ हजार घनमीटरची आहेत, त्यातून आठ कोटी एससीएमच्या वर गॅस निघतो. देशाचा रोजचा वापर १९ कोटी एससीएमच्या आसपास आहे, म्हणजे एवढं मोठं जहाज अर्धा दिवस पण पुरत नाही! म्हणून महिन्याच्या ३१ तारखेला लागलेलं जहाज या महिन्यात धरलं की पुढच्या, एवढ्यानं सुद्धा महिन्याचा आयातीचा आकडा हलतो. वर कस्टमकडून येणारी डीजीसीआयएसची, म्हणजे आयात-निर्यातीची आकडेवारी ठेवणाऱ्या सरकारी खात्याची, आकडेवारी उशिरा येते, तोवर आयात करणाऱ्या कंपन्यांनी कळवलेला तात्पुरता आकडा छापलेला असतो, आणि नंतर तो बदलतो. ताज्या महिन्याचा आकडा कायम "प्रोव्हिजनल" समजून घ्या आणि प्रोजेक्टमध्ये कुठल्या तारखेचा रिपोर्ट वापरला ते लिहा.

मग गॅस पाइपलाइनमध्ये जातो, आणि इथं लोकांच्या लक्षात न येणारी एक गोष्ट आहे. पाइपलाइन स्वतःच गोदाम असते. समजा ३० इंची, १०० किलोमीटर लांब पाइप, आत ७० बार दाब, तर त्यात सुमारे ३२ लाख एससीएम गॅस उभा असतो. दाब ६० बारवर आला तर २७ लाख. म्हणजे ग्राहकाला एक थेंब कमी न देता पाच लाख एससीएम त्या पाइपमधून निघून गेले, किंवा उलट आत जमा झाले. याला लाइनपॅक म्हणतात. आपल्याकडे देशात २५ हजार किलोमीटरच्या आसपास अशी पाइपलाइन आहे. अमेरिकेत जमिनीखाली प्रचंड साठे आहेत आणि दर गुरुवारी त्यांचा आकडा जाहीर होतो, सगळा बाजार त्याच्याकडं डोळे लावून बसतो, आपल्याकडे तसे जमिनीखालचे मोठे साठे नाहीत, त्यामुळे साठ्यातला बदल म्हणजे टर्मिनलच्या टाक्या आणि हा लाइनपॅक.

गॅसचा दिवस सकाळी ६ ते दुसऱ्या दिवशी सकाळी ६ असा असतो. त्या दिवसात पाइपमध्ये किती घातला, किती ग्राहकांनी काढला, लाइनपॅक किती बदलला, कॉम्प्रेसरनं किती खाल्ला, एवढं सगळं मांडून जे उरतं ते "बेहिशेबी" गॅस. त्यात गळती असते पण मोठा भाग मीटरच्या सूक्ष्म फरकाचा असतो. चांगला मीटर पण अर्धा-एक टक्का इकडेतिकडे दाखवू शकतो. एक टक्का लहान वाटतो पण देशाच्या रोजच्या १९ कोटीवर तो १९ लाख एससीएम होतो, आणि स्वयंपाकाला एका घरात रोज अर्धा एससीएम लागतो असं धरलं तर ३८ लाख घरांचा गॅस. कॅलिब्रेशनचं सर्टिफिकेट वेळेवर आहे का यावर आम्ही एवढं भांडायचो ते त्यामुळेच.

आता देशपातळीवर हे जुळवतं कोण. पेट्रोलियम मंत्रालयाच्या अखत्यारीतला पीपीएसी, म्हणजे पेट्रोलियम प्लॅनिंग अँड ॲनालिसिस सेल, २००२ साली सुरू झालेला, तो दर महिन्याला गॅसचा रिपोर्ट काढतो. त्यातलं मुख्य टेबल नीट वाचा. नेट उत्पादन, अधिक एलएनजी आयात, बरोबर एकूण वापर. बस्स. एकूण वापर हा ग्राहकांच्या मीटरांची बेरीज करून काढलेला नाही, पुरवठ्याच्या दोन ओळींची बेरीज आहे. आणि सेक्टरवार टेबल दुसऱ्या वाटेनं येतं, गॅस विकणाऱ्या कंपन्या कळवतात की खताला इतका दिला, विजेला इतका, शहर गॅसला, म्हणजे घरोघरच्या पाइपला आणि सीएनजीला, इतका. एक आकडा वरून खाली आलेला, दुसरा खालून वर, मधे अंतर्गत वापर, श्रिंकेज, लाइनपॅक, बेहिशेबी गॅस आणि वेगवेगळी उष्णता. ते तंतोतंत जुळले तर उलट मला शंका येईल. जोडी (JODI) नावाच्या आंतरराष्ट्रीय डेटाबेसमध्ये तर हे उघड मांडतात, देशांतर्गत वापर एकदा हिशेबानं काढलेला आणि एकदा प्रत्यक्ष बघितलेला असे दोन स्वतंत्र कॉलम असतात आणि फरक सांख्यिकी तफावत म्हणून दाखवतात. ती तफावत लपवू नका, प्रोजेक्टमध्ये तिची वेगळी ओळ करा.

सेक्टरचा आकडा स्वतः तपासायची एक पद्धत सांगतो, खतावर करून बघा कारण आपल्याकडे केळी-कपाशीमुळं युरिया सगळ्यांच्या ओळखीचा. एक टन युरियाला साधारण ५.८ गिगाकॅलरी ऊर्जा लागते, एक गिगाकॅलरी म्हणजे दहा लाख किलोकॅलरी. देशात वर्षाला ३०० लाख टनांच्या आसपास युरिया बनतो, म्हणजे १७ कोटी ४० लाख गिगाकॅलरी. खताच्या नियमात नेट उष्णता धरतात, म्हणजे जळताना तयार होणाऱ्या पाण्याच्या वाफेतली उष्णता सोडून, ती एससीएमला ८,५०० किलोकॅलरी घ्या, भागाकार येतो २० बीसीएमच्या थोडा वर. आणि रिपोर्टमध्ये खताचा वापर त्याच्याच आसपास सापडतो. असं जुळलं की आकड्यावर विश्वास बसतो. याच हिशेबानं ४५ किलोच्या एका गोणीमागं जवळपास एक एमएमबीटीयू गॅस जातो, रावेर-यावलच्या केळीच्या बागेत पडणारी प्रत्येक गोणी म्हणजे तिथं पाइप नसताना पोचलेला गॅसच. पण गंमत बघा, जो युरिया ओमानहून वगैरे आयात होतो त्याचा गॅस तिकडं जळलेला असतो, तो आपल्या मागणीत कुठंच येत नाही, गरज मात्र आपल्याच शेताची होती.

इथून मागणीकडं येतो. गिरणेच्या पाटाला आवर्तन सुटलं की पाटबंधारेवाल्यांच्या वहीत किती पाणी सोडलं ते लिहिलेलं असतं, शेतकऱ्यांना किती पाणी पाहिजे होतं ते त्या वहीत कुठून असणार? गॅसचं तसंच आहे. वापराचा आकडा म्हणजे जेवढा मिळाला आणि परवडला तेवढा.

वीज बघा. देशात गॅसवर चालणारी वीजकेंद्रं २०२४ मध्ये साधारण २५,००० मेगावॉटची होती. एका मेगावॉटला पूर्ण क्षमतेनं दिवसभर चालायला अंदाजे ४,५०० ते ५,००० एससीएम लागतात, म्हणजे सगळी फुल चालवली तर रोज ११० ते १२५ एमएमएससीएमडी. प्रत्यक्षात या सेक्टरला २५ च्या आसपास जातो. मग विजेसाठी गॅसची मागणी २५ धरायची का ११५? माझ्या मते दोन्ही नाही. कृष्णा-गोदावरीच्या डी-६ नावाच्या क्षेत्रातून २०१० मध्ये रोज ६० एमएमएससीएमडीपर्यंत गॅस येत होता, त्या भरवशावर केंद्रं उभी राहिली, मग उत्पादन घसरलं आणि केंद्रं बसून राहिली. आयात गॅसवर चालवली तर वीज महाग पडते, कोणी घेत नाही. २०२४ च्या उन्हाळ्यात विजेची ओढ एवढी वाढली की सरकारनं आदेश देऊन गॅसची केंद्रं चालू करायला लावली, लगेच वापर वाढला. म्हणजे मागणी हा एक आकडा नसतोच, ती भावाबरोबर सरकणारी रेषा असते. "मागणी किती" विचारलं की "कुठल्या भावाला" हे आधी विचारायचं.

सगळ्यात चांगला पुरावा २०२२-२३ चा. युक्रेन युद्धानंतर एलएनजीचे स्पॉट भाव, म्हणजे लांबच्या कराराशिवाय तेव्हाच्या तेव्हा घेतलेल्या जहाजाचे भाव, भडकले आणि आपली आयात आदल्या वर्षीच्या सुमारे ३१ बीसीएमवरून २६ च्या आसपास आली. गुजरातमधल्या मोरबीच्या टाइल्सवाल्यांनी भट्ट्या प्रोपेनवर नेल्या. टाइल्स भाजायला उष्णता तेवढीच लागत होती, फक्त गॅसच्या खात्यातून ती गायब झाली. नुसता वापराचा कॉलम बघणारा म्हणेल मागणी सहा-सात टक्क्यांनी पडली. पुढच्या वर्षी भाव उतरले आणि आयात परत ३१ च्या वर गेली. हे वर्ष प्रोजेक्टमध्ये घ्याच. तसंच देशी जुन्या क्षेत्रांच्या गॅसचा भाव एप्रिल २०२३ पासून कच्च्या तेलाच्या १० टक्के, खाली ४ डॉलर आणि वर साडेसहा डॉलरची मर्यादा असा बांधलेला होता, आणि हा स्वस्त गॅस घरगुती आणि सीएनजीला आधी मिळतो, त्यामुळे त्या सेक्टरचा वापर आणि मोरबीच्या कारखान्याचा वापर एका समीकरणात घालू नका, दोघांचा भाव वेगळा आहे. सीएनजी पंपावर किलोत मोजतात हे पण ध्यानात ठेवा, एक किलो म्हणजे साधारण १.३ ते १.४ एससीएम.

आता खान्देशचं. जिथं पाइप पोचली नाही तिथं वहीत मागणी शून्य. पण पीएनजीआरबी, म्हणजे पाइपलाइन आणि शहर गॅसचं सरकारी नियामक मंडळ, शहर गॅसचे जिल्हे वाटून देतं तेव्हा कंपन्यांना आधी अंदाज काढावाच लागतो, २०१८ च्या नवव्या फेरीत धुळे आणि नाशिक, वलसाडच्या काही भागासोबत एकाच क्षेत्रात आले ते असंच. हा अंदाज कसा काढतात? आज काय जळतंय ते मोजून. घरगुती १४.२ किलोचं सिलेंडर म्हणजे उष्णतेच्या हिशेबानं १७ ते १८ एससीएम, १९ किलोचं व्यावसायिक म्हणजे २४ च्या आसपास. एमआयडीसीत जाऊन बॉयलरला काय लागतं विचारायचं, फर्नेस ऑइल, डिझेल, कोळसा, का भुसा, महिन्याला किती टन, सगळ्याचं किलोकॅलरी करायचं. जळगावच्या डाळ मिल आणि प्लास्टिक पाइपचे कारखाने मोठे दिसतात पण तिथं बरंचसं काम विजेच्या मोटरवर आणि हीटरवर चालतं, गॅसला तिथं फार जागा नाही. खाद्यतेल, टेक्स्टाइल प्रोसेसिंग, हॉटेलं, बेकऱ्या, इथं जागा आहे. आणि भुशावर, कोळशावर चालणारा बॉयलर गॅसवर येईल असं धरू नका, ते इंधन स्वस्त असतं. भुसावळजवळच्या दीपनगर वीजकेंद्राचा कोळसा तर या हिशेबात घ्यायचाच नाही.

पुढं अजून एक गुंता येतोय, बायोगॅसचा. शहर गॅसमध्ये २०२५-२६ पासून १ टक्का कॉम्प्रेस्ड बायोगॅस धरायचा नियम आहे, तो २०२८-२९ ला ५ टक्क्यांवर जाणार. केळीचे खांब, कपाशीच्या पऱ्हाट्या आपल्याकडे भरपूर, उद्या चोपड्याच्या एखाद्या प्लँटमधून थेट गावच्या पाइपमध्ये गॅस गेला तर तो विहिरीचा नाही आणि जहाजाचा पण नाही, नेट उत्पादन अधिक आयात या बेरजेत त्याला जागाच नाही, त्यासाठी तिसरी ओळ लागेल.

म्हणून प्रोजेक्टसाठी भाऊ, पीपीएसीचे मागच्या दहा वर्षांचे वार्षिक आकडे घ्या, सेक्टरवार वापराशेजारी त्या वर्षीचा एलएनजीचा भाव आणि प्रोपेन किंवा फर्नेस ऑइलचा भाव लिहा, दोन्ही प्रति एमएमबीटीयूमध्ये आणून. आणि जमलं तर जळगाव एमआयडीसीत दहा-पंधरा कारखान्यांत स्वतः फिरा. विचारताना "गॅस पाहिजे का" असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. "आत्ताच्या इंधनाला महिन्याला किती पैसे देता आणि गॅस किती रुपयाला मिळाला तर बर्नर बदलाल" असं विचारा, आणि उत्तरं भावाच्या क्रमानं लावून ठेवा, त्यातून जी रेषा तयार होईल ती जळगावची मागणी.